प्रमाद आणि अपराध : ‘पोएटिक्स’च्या तेराव्या प्रकरणाचे मराठीतील उत्तरायुष्य

१

‘नटसम्राट’चा प्रयोग संपल्यानंतर प्रेक्षागृहाबाहेर पडणाऱ्या माणसांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते : अप्पासाहेबांनी हयातीतच सगळे वाटून टाकायला नको होते. हे वाक्य बोलणाऱ्याचे डोळे बहुधा ओलेच असतात. म्हणजे त्याला करुणा वाटलेली असते, नाही असे नाही. परंतु करुणेच्या पाठोपाठ त्याला एक चूक शोधावीशी वाटते, आणि ती सापडली की त्याला काहीसे हायसे वाटते. वर्गात शोकांतिका शिकवणारा अध्यापकही हेच करतो, फक्त अधिक शास्त्रीय परिभाषेत. हॅम्लेटची दिरंगाई, ऑथेल्लोचा संशय, मॅक्‌बेथची महत्त्वाकांक्षा, लिअरचा अहंकार आणि सुधाकराचे व्यसन अशी एक तयार यादी पिढ्यान्‌पिढ्या वह्यांतून उतरत आली आहे. नायक आणि त्याचा दोष यांची जोडी लावून दिली की शोकांतिकेचा अर्थ लागला, अशी समजूत या यादीच्या मुळाशी असते.

ही समजूत केवळ वाङ्मयीन असती तर तिची चर्चा अभ्यासक्रमापुरती मर्यादित राहिली असती. परंतु तिच्यात एक नैतिक विधान दडलेले आहे. ज्याच्या वाट्याला दुःख आले त्याने ते कोठेतरी ओढवून घेतलेले असते, असे ते विधान आहे. शोकांतिका पाहताना जडलेली ही सवय रंगमंदिराच्या दाराशी थांबत नाही. म्हणून प्रश्न असा की, दुःखिताच्या ठिकाणी दोष शोधणे ही शोकांतिकेची खरी शिकवण आहे, की तिच्यापासून पळ काढण्याची ती एक प्रतिष्ठित वाट आहे?

२

या सवयीचे पितृत्व परंपरेने अ‍ॅरिस्टॉटलकडे दिले जाते. ‘पोएटिक्स’च्या तेराव्या प्रकरणात तो आदर्श शोकांतिकेच्या नायकाची चर्चा करतो. अत्यंत सच्छील माणूस सुस्थितीतून दुःस्थितीत गेला तर ते किळसवाणे वाटते. दुष्ट माणसाचा ऱ्हास झाला तर न्यायबुद्धीचे समाधान होते, पण भय आणि करुणा उत्पन्न होत नाहीत. उरतो तो या दोहोंच्या मधला माणूस. तो सद्‌गुणांचा पुतळा नसतो, आणि त्याचा नाश दुर्गुणामुळे नव्हे तर ‘हॅमार्शिया’मुळे होतो. या एका शब्दावर चोवीस शतके भाष्ये होत आली आहेत. विंदा करंदीकरांचे ‘अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर मराठी वाचकाला या ग्रंथाशी आपल्या भाषेत समोरासमोर बोलता येऊ लागले. तरीही चूक, दोष, स्वभावदोष, प्रमाद असे निरनिराळे पर्याय मराठी समीक्षेत आलटून पालटून वावरत राहिले, आणि त्यांतील अंतर पुष्कळदा कोणाच्या लक्षातही आले नाही.

हे अंतर क्षुल्लक नाही. ‘हॅमार्शिया’ ज्या क्रियापदापासून आला त्याचा एक जुना अर्थ नेम चुकणे असा आहे. नेम चुकणारा धनुर्धर नालायक असतोच असे नाही. कधी वारा आडवा येतो, कधी लक्ष्यच दिसते त्याहून वेगळे असते. अ‍ॅरिस्टॉटलनेच आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात, पाचव्या भागात, माणसाच्या हातून घडणाऱ्या अपायाचे प्रकार वेगळे केले आहेत. अपेक्षेपलीकडचे जे घडते तो अपघात. ज्याचे मूळ कर्त्यात असते परंतु ज्यामागे दुष्टबुद्धी नसते तो प्रमाद. आणि जाणूनबुजून, विचारपूर्वक केलेला तो अपराध. शोकांतिकेच्या नायकासाठी तो मधल्या कोटीतल्या शब्दाचेच भावंड वापरतो, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. इडिपसने वाटेत ज्याला मारले तो आपला पिता आहे हे त्याला ठाऊक नव्हते. त्याचा संताप हा दोष खरा. पण त्या संतापाने पितृहत्या होत नाही, अज्ञानाने होते.

याहून महत्त्वाची गोष्ट त्याच प्रकरणात आहे, आणि दोषाच्या शोधात निघालेले वाचक ती नेमकी ओलांडून जातात. करुणा कोणाविषयी वाटते? तर ज्याची आपत्ती त्याच्या योग्यतेला साजेशी नाही अशा माणसाविषयी. भय कोणाविषयी वाटते? तर जो पाहणाऱ्यासारखाच आहे त्याच्याविषयी. म्हणजे अपात्री कोसळलेले दुःख ही करुणेची पूर्वअटच आहे. नायकाने आपल्या दोषाचे योग्य फळ भोगले असे सिद्ध करणारा टीकाकार अ‍ॅरिस्टॉटलचा अनुयायी ठरत नाही. तो करुणेच्या पायाखालची जमीन काढून घेत असतो. दोषाची बाजू जेवढी भक्कम, तेवढी करुणा अनावश्यक.

३

मग दोषवादाची ही प्रतिष्ठा आली कोठून? युरोपात प्रबोधनकाळापासून शोकांतिकेवर नीतिबोधाची जबाबदारी टाकण्यात आली, आणि प्रमादाचा हळूहळू दुर्गुण झाला. कॉर्डेलियाचा मृत्यू इतका असह्य वाटला की, नाहम टेटने १६८१ मध्ये ‘लिअर’चा शेवट गोड करून टाकला आणि तोच पाठ दीडशेहून अधिक वर्षे इंग्रजी रंगभूमीवर नांदला. मूळ शेवट पुन्हा वाचण्याचे धैर्य आपल्याला संपादनाच्या निमित्तापर्यंत झाले नाही, असे डॉ. जॉन्सननेही १७६५ च्या आपल्या आवृत्तीत कबूल केले. दोष नसलेल्या माणसाचे मरण पाहवत नाही म्हणून एक तर ते मरण बदलायचे, नाही तर दोष शोधायचा, असे हे दोन मार्ग आहेत. ते दिसायला भिन्न असले तरी त्यांची प्रेरणा एकच आहे.

भारतातील महाविद्यालयांत हा विचार पोहोचला तो प्रामुख्याने ए. सी. ब्रॅडलीच्या ‘शेक्सपिअरियन ट्रॅजेडी’ या १९०४ मधील ग्रंथातून. कृतीतून आपत्ती आणि स्वभावातून कृती, ही त्याने मांडलेली साखळी इतकी सुबोध होती की विद्यार्थ्यांनी ती सूत्र म्हणून उचलली. एल. सी. नाइट्‌सने १९३३ मध्ये लेडी मॅक्‌बेथला मुले किती होती असा उपरोधिक प्रश्न विचारून या स्वभावकेंद्री वाचनाची टर उडवली, तरी सूत्राचा अंमल ओसरला नाही. परंतु ब्रॅडलीवरही येथे अन्याय झाला आहे. नायकाला बुडवणारा गुणविशेषच त्याचे मोठेपण असतो, हे त्याने सांगितले होते. सुखदुःखाची वाटणी योग्यतेच्या प्रमाणात होते ही कल्पना त्याने नाकारली होती. शोकांतिकेचा मध्यवर्ती ठसा हा मौल्यवान गोष्टीच्या अपव्ययाचा असतो, असे त्याचे म्हणणे होते. यातले साखळीचे सूत्र टिकले आणि अपव्ययाची हळहळ गळून पडली.

मराठी नाटकाने शोकांतिका स्वीकारली ती या सूत्राच्या कितीतरी आधी. विनायक जनार्दन कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ चे. त्या नाटकात माधवरावांच्या मृत्यूला आणि रमाबाईंच्या सहगमनाला कोणताही स्वभावदोष कारण नाही. क्षयाने मनुष्य मरतो, आणि एका कर्तृत्वाचा अवेळी अंत होतो. आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये आणि देवलांचे ‘झुंझारराव’ १८९० मध्ये आले. ‘हॅम्लेट’च्या रूपांतराला आगरकरांनी दिलेल्या नावातच नायकाच्या मनोविकारांवर रोखलेली दृष्टी दिसते. गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेला ‘एकच प्याला’ तर दोषवादाचे आदर्श उदाहरण म्हणूनच शिकवला गेला. सुधाकराचा नाश प्याल्याने झाला हे निर्विवाद. पण त्या नाटकात प्रेक्षकाचा गळा दाटून येतो तो सिंधूसाठी, आणि सिंधूचा दोष कोणता? पतीचा अपराध शेवटच्या क्षणीही आपल्या शब्दांनी झाकणे हा? दोषाचे सूत्र नायकाचा हिशोब नीट मांडते, परंतु ज्या व्यक्तीमुळे नाटक काळजाला भिडते तिच्यापाशी येऊन ते मुके होते.

४

युरोपातील दोषवाद मराठी मनात इतक्या सहज रुजला याचे कारण जमीन आधीच नांगरलेली होती. कर्मविपाकाच्या कल्पनेने दुःखाचे उत्तर तयार ठेवले होते. भोगणाऱ्याने ते या नाही तर मागील जन्मी कमावलेले असते. ‘ज्याचे भोग त्याने भोगावेत’ हे घरोघरचे वाक्य याच उत्तराचे बोलभाषेतील रूप आहे. दोन्ही विचारांची घडण निराळी असली तरी फलित एकच. दुःख आणि योग्यता यांच्यात फट उरू द्यायची नाही.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. भारतीय नाट्यविचाराने हा हिशोब कधीच मागितलेला नव्हता. नाट्यशास्त्रात करुणरसाचे विभाव सांगताना शाप, प्रियजनांचा वियोग, वैभवनाश, वध, बंधन अशा आपत्तींची मोजदाद केली आहे. त्या आपत्ती ज्याच्यावर कोसळल्या तो त्यांना पात्र होता की नव्हता याची चौकशी तेथे नाही. सहृदयाने शोकाशी संवादी व्हावे, एवढीच अपेक्षा. म्हणून दोषशोधाची सवय ही रसविचाराची देणगी म्हणता येत नाही. ती रसविचाराबाहेरून, धर्मकल्पना आणि वसाहतकालीन अभ्यासक्रम यांच्या संगमातून आली.

या संदर्भात नाशिकचे स्मरण केवळ स्थानिक अभिमानापोटी होत नाही. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तील तिसरा अंक पंचवटीत, गोदावरीच्या परिसरात घडतो. लोकापवादामुळे सीतेचा त्याग केलेला राम बारा वर्षांनी त्या ओळखीच्या वनात परत येतो, आणि सीता त्याला अदृश्य राहून त्याचा शोक पाहते. वनदेवता वासंती रामाला विचारू नये ते विचारते. अ‍ॅरिस्टॉटलच्या मोजपट्टीवर हे कथानक टिकू नये, कारण सीता सर्वथा निर्दोष आहे, आणि निर्दोषाची आपत्ती त्याच्या मते किळस आणते. भवभूतीने मात्र नेमकी हीच आपत्ती करुणेचा गाभा मानली. रामाच्या ठिकाणी प्रमाद आहे, कदाचित त्याहूनही अधिक काही आहे. परंतु सीतेच्या दुःखाला उत्तर देण्यासाठी तिच्यात खोट काढण्याचा मोह या नाटककाराला झाला नाही.

तथापि त्याच नाटकाच्या दुसऱ्या अंकात भवभूतीची मर्यादाही दिसते. तपश्चर्या करणाऱ्या शंबूकाचा वध करताना रामाला आपला हात निग्रहाने उचलावा लागतो. म्हणजे कवीला तेथे काहीतरी सलते आहे. पण वध होताच शंबूक दिव्य रूपात प्रकट होतो, आणि सलणारी गोष्ट पुण्याच्या खात्यात जमा केली जाते. सीतेसाठी मोकळी ठेवलेली फट शंबूकासाठी तत्परतेने बुजवली गेली. कोणाचे दुःख हिशोबाविना पाहायचे आणि कोणाच्या दुःखाचा हिशोब लगेच मिटवायचा, ही निवड निरागस नसते.

त्याच पंचवटीतील काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो पुढे वर्षानुवर्षे चालवला. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसांना शतकानुशतके जे सांगितले गेले होते ते थोडक्यात हेच, की तुमचे दुःख तुमच्या पूर्वकर्माला साजेसे आहे. हे मान्य केले की पाहणाऱ्याला करुणेचीही गरज राहत नाही आणि कृतीचीही. नाशिक जिल्ह्यातीलच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा त्यांनी ही संपूर्ण हिशोबपद्धतीच नाकारली. शोकांतिकेच्या समीक्षेतील एका ग्रीक शब्दाचा अर्थ आणि मंदिराचे बंद दार यांत थेट कार्यकारणभाव जोडणे अतिरेकाचे होईल. पण दोन्हीकडे पाहणाऱ्याची मनोवृत्ती एकच असू शकते, हे नाकारता येत नाही.

५

विद्यार्थिदशेत या सत्याग्रहात सहभागी झालेला एक तरुण पुढे मराठीतील मोठा नाटककार झाला आणि आयुष्याचा बराच काळ नाशिकमध्येच राहिला, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. वि. वा. शिरवाडकरांनी ‘मॅक्‌बेथ’ मराठीत ‘राजमुकुट’ म्हणून आणला, ‘ऑथेल्लो’ही आणला. दोन्ही नाटके दोषवादाला सोयीची आहेत. पण स्वतंत्र नाट्यलेखनात त्यांची नजर वारंवार वेगळ्या माणसाकडे वळते. ‘कौंतेय’साठी त्यांनी कर्ण निवडला. कर्णाच्या दोषांची यादी महाभारतच पुरवते. गुरूशी केलेले असत्य आणि भरसभेत द्रौपदीविषयी काढलेले उद्‌गार तिच्यात ठळक आहेत. परंतु ही यादी कितीही वाढवली तरी तिच्यातून नदीत सोडलेल्या तान्ह्या मुलाचे भवितव्य निघत नाही. त्याची पहिली आपत्ती त्याच्या पहिल्या कृतीच्या आधीची आहे.

‘नटसम्राट’ १९७० च्या डिसेंबरात डॉ. श्रीराम लागू यांच्या भूमिकेसह रंगभूमीवर आले, आणि ‘किंग लिअर’शी त्याचे असलेले नाते तेव्हापासून चर्चिले गेले आहे. साम्यांच्या शोधात एक भेद मात्र दुर्लक्षित राहतो. लिअर राज्य वाटण्यापूर्वी मुलींकडून प्रेमाची जाहीर कबुली मागतो, आणि खुशामत न करणाऱ्या कॉर्डेलियाला हाकलून देतो. दोषवादाला हवा असलेला दोष पहिल्याच प्रवेशात हाती येतो. गणपतराव बेलवलकर असली कोणतीही परीक्षा घेत नाहीत. कोणत्याही कॉर्डेलियाला ते घराबाहेर काढत नाहीत. ते मुलाला आणि मुलीला आपले असेल नसेल ते देऊन टाकतात, एवढेच. शिरवाडकरांनी लिअरची कथा घेतली आणि तिच्यातील अपराध काढून टाकला. शिल्लक ठेवला तो प्रमाद, आणि तोही विश्वास ठेवण्याचा. बेलवलकर निर्दोष नाहीत. रंगभूमीवरचा ऐसपैसपणा त्यांना संसाराच्या चौकटीत आवरत नाही, घर हेही एक प्रेक्षागृहच आहे असे त्यांना वाटते, दुसऱ्याची अडचण त्यांना उशिरा कळते. पण या दोषांचे फळ म्हणून फार तर घरात कुरबुर शोभली असती. चोरीचा आळ, कावेरीचा मृत्यू आणि रस्त्यावरचे बेवारस जिणे हे त्या फळाच्या मापात बसत नाही. नाटकाची सारी वेदना या न बसण्यात आहे.

म्हणूनच ‘वाटून टाकायला नको होते’ या वाक्याकडे पुन्हा पाहावे लागते. व्यवहार म्हणून ते बरोबर आहे. वकिलाने द्यावा असा तो सल्ला आहे. परंतु तो पाळला असता तर काय झाले असते? मुलांवर विश्वास न टाकणारा एक सावध बाप सुखरूप राहिला असता. विश्वास टाकणे ही चूक ठरावी असे जग आपण घडवले आहे का, हा प्रश्न नाटक विचारते. सावधपणाचा सल्ला त्या प्रश्नाला प्रेक्षकाच्या अंगावरून निसटू देतो. चूक अप्पासाहेबांची ठरली की नंदा आणि नलू यांच्या जागी स्वतःला पाहण्याचे कारण उरत नाही.

६

दोषवादाच्या बाजूने एक गंभीर युक्तिवाद करता येतो, आणि तो बाजूला सारून चालणार नाही. माणसाच्या दुःखात त्याचा काहीच वाटा नाही असे म्हटले, तर शोकांतिका आणि दुर्घटना यांत फरक राहत नाही. छप्पर कोसळून मेलेल्या माणसाविषयी हळहळ वाटते, पण ती शोकांतिका नव्हे. शिवाय सर्व भार दैवावर किंवा परिस्थितीवर टाकणे म्हणजे माणसाचे कर्तेपण काढून घेणे. नायक केवळ बळी ठरला तर त्याची उंचीही जाते. हा आक्षेप खरा आहे, आणि अ‍ॅरिस्टॉटलने प्रमादाची अट घातली ती बहुधा याच जाणिवेने. आपत्तीचे मूळ कर्त्याच्या कृतीत असले पाहिजे.

पण या युक्तिवादाने जे सिद्ध होते ते कर्तेपण, पात्रता नव्हे. आपल्या हातून घडले असे म्हणणे आणि आपली तीच लायकी होती असे म्हणणे, ही दोन भिन्न वाक्ये आहेत. बर्नार्ड विल्यम्स आणि मार्था नुसबॉम यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रीक शोकांतिकांकडे परत जाऊन नीतिविचाराला या भेदाची आठवण करून दिली. चांगले जगणेही दैवाच्या हाती कसे ठिसूळ असते, हे नुसबॉमने १९८६ च्या आपल्या ग्रंथात दाखवले. आणि हेतू नसताना हातून घडलेल्या अपायाबद्दल कर्त्याला वाटणारी खंत तटस्थ प्रेक्षकाच्या हळहळीपेक्षा वेगळी असते, हे विल्यम्सने स्पष्ट केले. इडिपस आपले डोळे फोडतो तेव्हा तो आपण अपराधी आहोत असा निवाडा देत नसतो. जे झाले ते माझ्या हातून झाले, एवढे तो स्वतःच्या अंगावर घेतो. हे अंगावर घेणे ही त्याची थोरवी. परंतु त्याने स्वतःविषयी जे म्हणावे ते पाहणाऱ्याने त्याच्याविषयी म्हणणे हा उद्धटपणा आहे. नैतिक भाषेत कोण बोलतो आहे याला महत्त्व असते. अप्पासाहेब स्वतःला दोष देतात तेव्हा ते त्यांचे दुःख असते. तिकीट काढून बसलेला माणूस तोच दोष देतो तेव्हा ती त्याची सुटका असते.

७

‘पोएटिक्स’चा प्रभाव टिकला तो त्याने दिलेल्या नियमांमुळे, असे मानण्याची प्रथा आहे. वस्तुतः तो ग्रंथ नियमांबाबत स्वतःशीही पूर्ण सुसंगत नाही. तेराव्या प्रकरणात दुःखद शेवटाचा पुरस्कार करणारा अ‍ॅरिस्टॉटल चौदाव्यात, ऐन वेळी ओळख पटून अनर्थ टळतो तो प्रकार सर्वोत्तम म्हणतो. नियम म्हणून वाचणाऱ्याला ही अडचण वाटते. प्रश्न म्हणून वाचणाऱ्याला वाटत नाही. माणसाचे कर्तेपण कायम ठेवून त्याचे दुःख अपात्र कसे दाखवायचे, हा त्या ग्रंथाने उभा केलेला प्रश्न आहे. मराठी समीक्षेने त्याचे उत्तर तेवढे घेतले, तेही निम्मे.

प्रमाद आणि त्याचे फळ यांत एक अंतर असते. ते भरून काढण्यासाठी कधी स्वभावदोष वापरला जातो, कधी पूर्वजन्म, कधी शहाणपणाचा सल्ला. शोकांतिका ते अंतर उघडे ठेवते आणि त्याच्या काठावर पाहणाऱ्याला उभे करते. तेथे उभे राहणे सुखाचे नसते. पंचवटीत अदृश्य सीता शोक करणाऱ्या रामापाशी आली, ती त्याचा दोष मोजत बसली नाही. मूर्च्छित पडलेल्या रामाला तिने स्पर्श केला. आणि तरीही तिचा त्याग अन्यायाचाच राहिला, त्या स्पर्शाने तो पुसला गेला नाही. अन्यायाला अन्याय म्हणत राहूनही माणसाला जवळ घेता येते, एवढे ज्या प्रेक्षकाला उमगले तो प्रेक्षागृहातून बाहेर पडताना कदाचित काही बोलणार नाही.